लाल टोपणाची नळी

गॅनेट कोव्हमध्ये कुणी कुणाचं दार वाजवत नाही. मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात शिरायचं, बूट उंबऱ्याशी काढायचे, चुलीवरच्या किटलीला हात लावून बघायचा आणि गरम असली तर आपला कप आपणच भरून घ्यायचा. दार वाजलंच तर ओळखावं, की सरकारी माणूस आलाय, नाहीतर कुणीतरी वाट चुकलंय. त्यामुळे सगळ्या गावाला सगळ्यांची स्वयंपाकघरं पाठ. कुणाच्या डब्यात बिस्किटं आहेत आणि कुणाच्या बिस्किटांच्या डब्यात नुसती बटणं, हेसुद्धा. पण दुसऱ्याच्या तळघरात कोण कशाला उतरतंय?

एफी पेलीचं जे काही लपलेलं होतं, ते तळघरातच होतं.

एफीला अख्खं गाव मावशी म्हणायचं. ड्रू टिझर्ड तर बोलायला लागल्यापासून म्हणायची. ड्रूचं खरं नाव ड्रूसिला, आजीवरून ठेवलेलं, पण त्या नावानं हाक मारली की ती ओ द्यायची नाही. शाळा सुटली की ती आधी एफी मावशीकडे. तिथं तळलेल्या कणकेच्या जाड पुऱ्या आणि वर काकवी, आणि समोर एम्ब्रोज काका, जाळं विणता विणता थापा मारणारे. गेल्या हिवाळ्यात काका गेले. छातीत कळ आली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. मावशी रडताना कुणाला दिसली नाही. तिनं काकांचा करडा स्वेटर कॉटच्या पायथ्याशी घडी करून ठेवला, तो मात्र तिथंच राहिला.

या वर्षी थंडी लवकर आली. तळ्यावर बर्फाची साय धरली आणि ड्रूच्या लक्षात आलं, की मावशीच्या घरात फक्त स्वयंपाकघर ऊबदार असतं. लाकडाची चूल पेटलेली, पण पुढच्या खोलीत श्वासाची वाफ दिसतेय. मावशीनं पुढच्या खोलीचं दार घोंगडी लावून बंद केलं होतं. विचारलं तर म्हणाली, "मला एकटीला कशाला हवी ती खोली? पाहुणे येतायत थोडेच राजवाड्यातून."

याच वर्षी ड्रूला नुकता आवाज फुटला होता. म्हणजे आवाज आधीही होताच, पण शाळेच्या सभेत ती पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभी राहून बोलली होती, आणि लोकांनी ऐकूनही घेतलं होतं. तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं, की जगात न होण्यासारखं काही नसतंच, कुणीतरी उठून करायला हवं एवढंच. तिनं ठरवलं, चर्चच्या हॉलमध्ये सूपची संध्याकाळ करायची आणि त्या पैशातून मावशीच्या तळघरातल्या टाकीत घर तापवायचं तेल भरायचं. तिनं घरोघर जाऊन बायकांना कामाला लावलं, वाटाणे भिजत घालायला लावले, अकॉर्डियन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या रूबेनला दाढी करायला लावली. गाव लोटलं. मावशीसुद्धा आली, दोन वाट्या सूप प्यायली आणि डब्यात नाणी टाकून गेली. कशासाठी जमवताहेत ते तिला सांगितलं होतं, हॉलच्या छपरासाठी.

कारण हे गुपचूपच करायला हवं होतं. ड्रूची आई मायरा पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "एफी कुणाचं मिंधेपण घेणारी नाही. कळलं ना, तर तेल बादलीनं उपसून परत आणून देईल."

"म्हणून तर कळू द्यायचंच नाही," ड्रू म्हणाली. "ती डोळे तपासायला शहरात, गँडरला जाईल ना, त्या दिवशी भरायचं. आली की घर गरम."

तेलाचा टँकर चालवायचा ड्रूचा सख्खा मामा, हेडली. त्या किनाऱ्यावरच्या एकेका घराची नळी त्याला ठाऊक होती. घराच्या भिंतीतून दोन नळ्या बाहेर येतात, एक तेल ओतायची आणि एक टाकीतली हवा बाहेर जायची. तेल आत जायला लागलं की हवा बाहेर ढकलली जाते आणि शिट्टी वाजते. शिट्टी वाजतेय तोवर ओतायचं. थांबली की टाकी भरली. आणि मुळात वाजलीच नाही, तर पहिल्या घोटालाच हात आवरायचा, खाली जाऊन टाकी डोळ्यांनी बघायची. हेडली मामा हे नव्या पोरांना इतक्यांदा सांगायचा, की पोरं त्याची नक्कल करायची.

त्या दिवशी वारा समुद्रावरून सुटला होता. मावशी सकाळी शेजाऱ्यांच्या गाडीतून गँडरला गेली. मामानं दिवसभराची कामं उरकून टँकर तिच्या घरामागं लावला. मावशीच्या नळीचं टोपण लालभडक होतं. एम्ब्रोज काका दर उन्हाळ्यात ते रंगवायचे, या उन्हाळ्यात मावशीनं स्वतः रंगवलं होतं. मामा ते बघत म्हणाला, "बऱ्याच दिवसांत भरलेली नाहीये. आधी खाली जाऊन बघून येतो."

"मामा, बूट बघ तुझे. स्वयंपाकघरभर चिखल करशील आणि तिला लगेच कळेल."

मामानं बूट बघितले. मग हसला, नळी जोडली, पंप सुरू केला आणि डोकं तिरकं करून उभा राहिला. टँकरचं इंजिन घरघरत होतं. वाऱ्यानं कपडे वाळवायच्या तारेवरचे चिमटे खडखडत होते. मामानं कानावरची टोपी वर सरकवली. परत खाली घेतली. पंप बंद केला, परत सुरू केला.

"शिट्टी येतेय का गं?"

ड्रूच्या मनात एकच गोष्ट होती, शेजाऱ्यांची गाडी वळणावर दिसायच्या आत टँकर गेला पाहिजे. तिनं कान दिला. आणि काहीतरी होतं. बारीक, लांबट, भिंतीकडून येणारं. अगदी होतं.

"येतेय की," ती म्हणाली. "मामा, कान तपासून घे आता तू."

ती चेष्टेनं बोलली. मामाचा चेहरा एवढासा झाला, हे तिनं पाहिलं, पण त्याचा अर्थ तिला नंतर लागला. बारीक आवाज मामाला वर्षभरापासून ऐकू येत नव्हते. पक्ष्यांचे गेले होते, किटलीचा गेला होता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ज्याला शिट्टी ऐकू येत नाही त्याच्या हातात टँकर कोण देईल? वाऱ्याचा दिवस असला की तो नळीवर तळवा ठेवून थरथर जोखायचा. त्या दिवशी थंडीनं तळवे बधिर होते. भाचीचे कान सोळा वर्षांचे होते. त्यानं पंप चालूच ठेवला.

मावशी अंधार पडताना आली. ड्रूला धीर निघेना. ती कोटाची बटणं न लावताच धावत गेली, घर गरम झाल्यावर मावशीचा चेहरा कसा होतो ते बघायला. स्वयंपाकघरात मावशी कोटासकट उभी होती, डोळ्यांत औषध घातल्यामुळे बुबुळं मोठी झालेली, आणि नाकानं हवा हुंगत होती.

"कसला वास येतोय गं, पोरी?"

वास ड्रूलाही आला. जिभेवर चव यावी असा. मावशीनं तळघराचं दार उघडलं आणि तो वास जिन्यावरून वर चढून दोघींच्या अंगावर आला. मावशीनं दिव्याच्या बटणाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. चुलीचं दार घट्ट लावलं, झडप बंद केली. खिशातली बॅटरी बाहेर अंगणात जाऊन लावली आणि मग आत येऊन खाली उजेड पाडला.

तळघराच्या फरशीवर लालसर तेल तळ्यासारखं साचलं होतं. बटाट्यांचं खोकं त्यात बुडालं होतं. मुरंब्याच्या बरण्या खालच्या फळीवर गळ्याशी तेल घेऊन उभ्या होत्या. भिंतीतून नळी आत आली होती आणि हवेतच संपत होती. अजून तिच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. ज्या जागी टाकी असायची तिथं काहीच नव्हतं.

"टाकी कुठंय?" ड्रू म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही.

मावशी पायरीवर बसली. "टाकी वसंतातच काढली," ती म्हणाली. "गंजली होती. तपासणारा म्हणाला, नवी घ्या. माझ्याच्यानं कुठली होतेय नवी? लॉईडनं रात्री ताडपत्रीखाली घालून नेली."

लॉईड तिचा पुतण्या, लांबच्या गावातला. नळ्या त्यालाही काढायच्या होत्या, पण मावशीनंच काढू दिल्या नाहीत. भिंतीवरच्या नळ्या गेल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी गावाला कळलं असतं, की एफी पेलीला आता तेल परवडत नाही. म्हणून नळ्या राहिल्या. म्हणून तिनं लाल रंगाचा डबा आणून टोपण रंगवलं.

"कुणी ओतलं?" तिनं विचारलं.

ड्रूनं सांगितलं. सूप, हॉल, छपराचं खोटं, मामाचा टँकर, सगळं. मावशी ऐकत होती. ती रागावली असती तर ड्रूला बरं वाटलं असतं. पण मावशीनं तिचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी होतं होय ते सूप. मी आपली दोन वाट्या प्यायले."

मग मावशी उठली आणि ड्रूला दिसलं, की तिचं ठरलंय. कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर हेडलीची नोकरी जाईल, घरात तीन पोरं आहेत त्याच्या. लाकडाचा भुसा आणायचा, बादल्या आणायच्या, खिडक्या उघड्या ठेवायच्या. बाहेर सांगायचं, की रंगाचा डबा सांडला. मामाला निरोप गेला. तो आला, जिन्यावरून खाली बघितलं आणि भिंतीला टेकला. त्याच्यामागून मायरा आली, रूबेन आला, शेजारचे दोघे आले. कुणीच कुणाला दोष दिला नाही. आपलं आपण निस्तरू, असं सगळेच म्हणाले. गॅनेट कोव्हमध्ये होडी फुटली, छप्पर उडालं, माणूस बुडाला, तरी पहिलं वाक्य हेच असतं, आणि आजवर ते खरंही ठरलं होतं.

ड्रू भुसा आणायला म्हणून बाहेर पडली. घरामागच्या चरात पाय पडला तेव्हा बूट घसरला. तिनं बॅटरी लावली. चरातल्या पाण्यावर मोरपिसासारखे रंग फिरत होते, आणि हळूहळू खाली चालले होते. तळघराच्या कोपऱ्यातली मोरी या चरात उघडत होती. चर ओढ्यात जात होता. आणि ओढ्याच्या काठाला खालच्या आळीतल्या घरांच्या विहिरी होत्या.

ती परत आत आली. पुरुष बादल्या भरत होते. टँकरच्या दारावर एक नंबर चिकटवलेला असायचा, तेल सांडल्यास ताबडतोब कळवा म्हणून. लहानपणी मामा गाडी धूत असताना ती तो मोठ्यानं वाचायची. तिला तो अजून पाठ होता.

"मामा," ती म्हणाली, "तेल चरात उतरलंय. मी फोन करतेय."

बादल्या थांबल्या. शेजारचा एकजण म्हणाला, सकाळपर्यंत तरी थांब, पोरी, उजेडात बघू. मावशीनं मान हलवली, नको गं, नको. मामानं हातातली बादली खाली ठेवली.

"कर," तो म्हणाला. "मीच करायला हवा होता. आल्या आल्या करायला हवा होता."

मग त्यानंच मोरीच्या तोंडात घोंगडी कोंबली, शेजाऱ्यांना चरात माती टाकायला लावलं, आणि कुणीतरी पाण्याचा पाइप आणू लागलं तेव्हा ओरडला, पाणी मारू नका, पाण्यानं ते आणखी पुढं जाईल. खालच्या आळीत निरोप पाठवला, विहिरीचं पाणी तोंडाला लावू नका. सगळं त्याला माहीत होतं. माहीत असलेलंच त्यानं दुपारी केलं नव्हतं.

सकाळी मागचं दार वाजलं. ड्रूच्या आईच्या स्वयंपाकघरात सगळे बसले होते, मावशीसुद्धा, आणि दार वाजल्यावर कुणी उठेना. बाहेर पर्यावरण खात्याची एक बाई होती, कॅलाहन आडनावाची, उंच बुटांची, बोलायला साधी. तिनं माणसं आणली होती. त्यांनी ओढ्यात आडवे फुगीर पट्टे टाकले, चरात तेल पिणारी पांढरी कापडं अंथरली. संध्याकाळी ती म्हणाली, की रात्रीच कळवलंत म्हणून विहिरी वाचल्या. सकाळपर्यंत थांबला असतात तर वाचल्या नसत्या.

घराबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही.

मग तिनं विचारायला सुरुवात केली. टाकी पाहिली होती का? नाही. शिट्टी वाजली होती का?

मामानं टेबलाकडे पाहिलं. "मला वाटलं, वाजली," तो म्हणाला. "माझी चूक आहे. आणखी कुणाची नाही."

एवढ्यावरच प्रकरण मिटलं असतं. सगळे तेच व्हावं अशी वाट बघत होते, हे ड्रूला कळत होतं. आईनं टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

"त्याला ऐकू आली नव्हती," ड्रू म्हणाली. "त्यानं पंप थांबवला होता. मी म्हणाले, येतेय. खाली जायला निघाला होता, तर मीच अडवलं."

कॅलाहन बाईनं लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "आली होती का तुला खरंच?"

"काहीतरी आलं होतं," ड्रू म्हणाली. हॉलभर माणसांसमोर खणखणीत बोलणारी पोरगी, तिला पाच माणसांच्या स्वयंपाकघरात शब्द सापडेना.

मामानं टँकरच्या किल्ल्या आपण होऊन दिल्या. कान तपासून घेतले, कानात यंत्र आलं. आता तो बंदरावर मासे भरायच्या खोक्यांना खिळे मारतो. ड्रूनं एकदाच माफी मागायचा प्रयत्न केला, तर म्हणाला, "बयो, मी नळीला हात लावून बोललो असतो, की मला ऐकू येत नाही, तर तू काय म्हणाली असतीस? खाली जाऊन बघ म्हणाली असतीस. बास झालं."

घर वाचलं नाही. तेल भिंतींच्या लाकडात चढलं होतं, पायाखालच्या मातीत मुरलं होतं. विमा मावशीनं टाकीबरोबरच सोडून दिला होता. खात्यानं सांगितलं, घर पाडून खालची माती उपसून न्यावी लागेल. वास गाद्यांना लागला होता, गोधड्यांना लागला होता, बायबलच्या पानांना लागला होता. करडा स्वेटर मावशीनं तीनदा धुऊन वाऱ्यावर टाकला. तिसऱ्यांदा तारेवरून काढला, तोंडाशी धरला, आणि मग सामान नेणाऱ्यांनी रचलेल्या ढिगावर ठेवून आली.

त्या दिवसांत ती शेजारच्या गर्टीकडे राहत होती. ड्रू तिकडे फिरकायची नाही. शाळेतून लांबच्या रस्त्यानं घरी यायची. वर्गात कुणी काही विचारलं तर मान हलवायची. शेवटी मावशी गँडरला बहिणीकडे कायमची निघाली, त्याच्या आदल्या दिवशी ड्रू गर्टीच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. खूप वेळ उभी राहिली. मग तिनं दार वाजवलं.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मावशीनं दार उघडलं.

"तू?" ती म्हणाली. "तू कधीपासून परकी झालीस गं?"

ड्रू उंबऱ्यातच रडली. मावशीनं तिला आत ओढलं, बूट काढायला लावले, खुर्चीत बसवलं, डब्यातलं दूध घालून चहा दिला. मग समोर बसून बराच वेळ टेबलावरचे नसलेले कण झाडत राहिली.

"ते टोपण मी दोन हात देऊन रंगवलं," ती म्हणाली. "एक हात पुरला असता. पण मला वाटलं, रस्त्यावरून दिसलं पाहिजे." थोड्या वेळानं म्हणाली, "दिसलं."

ड्रूनं तिला सांगायचं ठरवलं होतं ते सांगितलं. कॅलाहन बाईच्या सांगण्यावरून मामा आणि रूबेन घरोघर नळ्या बघत फिरले होते. आणखी तीन घरांत भिंतीबाहेर नळी होती आणि आत टाकी नव्हती. त्यातलं एक घर तर सूपच्या दिवशी सगळ्यात मोठं पातेलं घेऊन आलं होतं. मामानं नळ्या काढल्या, भोकं सिमेंटनं बुजवली, आणि घरातल्या माणसांनी त्या वेळी दुसरीकडे पाहिलं.

"कोण तीन?" मावशीनं विचारलं. मग लगेच हात वर केला. "नको. नको सांगूस."

दुसऱ्या दिवशी ती गेली. गाडीत तिच्या मांडीवर एकच पिशवी होती.

घर बर्फ वितळल्यावर पाडलं. माती ट्रकांतून गेली, आणि जिथं पुऱ्या तळल्या जायच्या तिथं एक चौकोनी खड्डा राहिला, तळाशी पाणी साचलेला. ड्रू आणि मामा रस्त्याच्या कडेला उभे होते. पाडणाऱ्यांनी लोखंड एका बाजूला टाकलं होतं, चुलीचं दार, कॉटचे पाय, आणि त्या दोन नळ्या. एका नळीचं टोपण अजून लाल होतं. दुसरी, हवा जायची, समुद्राकडे तोंड करून उघडी पडली होती.

वारा आला, आणि त्या नळीतून आवाज निघाला. बारीक, लांबट. ड्रूनं मामाची बाही धरली. हाच. त्या दिवशीचा हाच. तिनं खोटं सांगितलं नव्हतं. रिकाम्या नळीत वारा वाजत होता, आणि तिला तो ऐकू आला होता, एवढंच.

"काय झालं?" मामानं विचारलं. यंत्र तो घरी विसरला होता.

"मामा, वाजतेय ती."

मामानं डोकं तिरकं केलं, त्या दिवशी केलं होतं तसंच, आणि बराच वेळ ऐकत राहिला. मग त्यानं नाही म्हणून मान हलवली. ढिगाऱ्यावर चढून गेला, ती नळी उचलली, तोंड जमिनीकडे करून ठेवली, आणि हात पँटला पुसत परत तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता नाही," ड्रू म्हणाली.